थोरलीचा नंबर

“बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या दाढीला कधी हात लावला नाही मी, आणि इथे बसून रबराची हजामत करतेय,” प्रेसवाली पुटपुटली.

पुटपुटली ती पॅकिंगवालीच्या कानात. पण वहिनी तिच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, त्यांनाही ते ऐकू गेलं. एरवी त्या हसल्या असत्या. आज त्यांनी नुसतं ब्लेड बदललं.

“बोट सांभाळ,” पॅकिंगवाली म्हणाली. “मघाशी एक रिंग रक्ताची केलीस.”

“जाऊ दे रक्ताची. बघून गिऱ्हाइकाच्या दारावरचा कॅमेरा तरी लाजेल.”

टेबलाभोवती अकरा माणसं बसली होती, बाकीची बाहेर ओट्यावर हेच काम करत होती. टेबलाच्या मधोमध काळ्या रबरी रिंगांचा ढीग होता. बांगडीएवढी एकेक रिंग, तिच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढे तीन उठावाचे आकडे: चारशे अठरा. ते आकडे ब्लेडने खरवडायचे, जागा काचकागदाने घासायची, वर पांढऱ्या शाईने ‘चारशे सतरा’ असा शिक्का मारायचा. रिंगा आठ हजार. सकाळपासून नऊशे झाल्या होत्या. गाडी उद्या सकाळी आठला निघायची होती, आणि आज दुपारी चार वाजता पंपवाल्या कंपनीची माणसं कॉम्प्युटरच्या पडद्यावर येऊन जाब विचारणार होती.

हा हिशेब बसत नव्हता हे अकराही जणांना दिसत होतं. तरी सगळे खरवडत होते. हात चालू असले की तोंड बंद ठेवायला सोपं जातं.

कारखाना लहानसाच, तेवीस माणसांचा. पंपात बसतात त्या रबरी रिंगा इथे साच्यात घालून, प्रेसखाली दाबून होत. मालक दादा, म्हणजे वहिनींचे थोरले दीर. साचे बनवायचे ते दादांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्री जाऊन सहा वर्षं झाली होती. वहिनी त्यांच्या बायको. माल बाहेर पाठवायचं खातं गेली वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. गिऱ्हाईक म्हणाल तर एकच: पंपवाली कंपनी. बाकीची चिल्लर.

त्या कंपनीचं एक पत्र आठ महिन्यांपूर्वी आलं होतं. त्यात लिहिलं होतं की यापुढे पत्र नको. ऑर्डर, ऑर्डर मिळाल्याची पोच, माल निघाल्याची सूचना, सगळं त्यांचा कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरला सांगणार आणि आपला त्यांच्याला.

“मग वाचणार कोण?” दादांनी विचारलं होतं.

“कोणी नाही, बाबा. तीच तर गंमत आहे,” दादांची सून म्हणाली होती. “माणसाने वाचायचं आणि पुन्हा टाइप करायचं, यातच चुका होतात. इथे मधे माणूसच नाही.”

सून हुशार होती आणि मनापासून राबत होती. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांची ओळख करून द्यायला एक तक्ता लागतो, तो तिने तीन दिवस खपून भरला. डाव्या रकान्यात त्यांचा नंबर, उजव्या रकान्यात आपल्याकडे तो माल कुठल्या कप्प्यात आहे ते. कारखान्यात कोणी नंबर घेऊन बोलतच नाही हे पाहून तिने कपाळाला हात लावला होता. इथे रिंगांना नावं होती. बुटकी, नकटी, दुपदरी. सगळ्यात जास्त खपणाऱ्या दोन बहिणी: थोरली आणि धाकटी.

“अहो, थोरलीचा नंबर काय?” ती विचारायची.

“थोरली म्हणजे थोरली,” प्रेसवाला सांगायचा आणि प्रेसचा दांडा ओढायचा.

शेवटी तिने भिंग घेतलं, प्रत्येक कप्प्यातली रिंग हातात धरली, रबरावरचा आकडा वाचला आणि तक्त्यात भरला. शहाण्या माणसाने जे करावं तेच तिने केलं. वहिनी त्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन होऊन घरी पडल्या होत्या, पट्टी बांधून. त्या असत्या तर काय बोलल्या असत्या, हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर दर वेळी एकच यायचं: काही नाही.

कारण रबरावरचे ते दोन आकडे खोटे होते.

कंपनीने दिलेल्या मापांच्या नकाशात मोठी रिंग, म्हणजे थोरली, चारशे सतरा आणि लहान, म्हणजे धाकटी, चारशे अठरा. मिस्त्रींनी साचे कोरले तेव्हा मोठीच्या साच्यात कोरलं चारशे अठरा, आणि लहानीच्यात चारशे सतरा. कोरीवकाम इतकं देखणं की आकड्यांकडे बघत राहावं. एकोणीस वर्षं झाली त्याला. पहिल्या पाच हजार रिंगा निघून पेट्यांत भरल्यावर ते ध्यानात आलं; तोवर साचे पाणी देऊन कडक करून झाले होते आणि माल दुसऱ्या दिवशी पोचवायचा होता. दादांनी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं होतं, “झालं ते झालं. याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. त्याच्यासमोर तर नाहीच.” म्हणून मग नावं पडली. आकडा उच्चारायचाच नाही म्हटल्यावर माल ओळखायला काहीतरी हवंच. साचा झिजला की नवा करू असं ठरलं होतं. साचा झिजला तेव्हा जुन्या रिंगेवरूनच नवा केला, आकड्यासकट. तोवर सगळ्यांना सवय झाली होती.

आणि पलीकडे ‘पलीकडचे’ होते ना. पंपवाल्या कंपनीच्या स्टोअरचे हे गृहस्थ वहिनींनी एकदाही पाहिले नव्हते. फोनवर मात्र एकोणीस वर्षं, आठवड्यातून तीनदा.

“वहिनी, चारशे सतराच्या वीस पेट्या आल्या. आत चारशे अठरा दिसतंय.”

“थोरलीच आहे भाऊ. मापून घ्या.”

“मापतो कशाला, तुम्ही म्हणालात ना. सतराच्या कप्प्यात टाकतो.”

नंतर नंतर तर तेवढंही बोलणं होईना. फोनवर ते म्हणायचे, “आली थोरली,” आणि या म्हणायच्या, “सांभाळा.” मग दोन मिनिटं त्यांच्या गुडघ्यांची चौकशी, यांच्या डोळ्यांची. कागद काहीही म्हणो, रबर काहीही म्हणो, दोन माणसं फोनवर एकमेकांना खरं सांगत होती आणि त्यावर पंप चालत होते.

नव्या पद्धतीत पहिलं काय गेलं असेल तर तो फोन. कंपनीच्या दारावर आता कॅमेरा बसला होता. तो पेटीवरची पट्टी वाचायचा, पेटीतल्या रिंगेवरचा आकडा वाचायचा, जुळलं तर आत, नाही तर परत.

नवी पद्धत मागच्या महिन्यात सुरू झाली आणि पहिली गाडी सुनेच्या तक्त्याप्रमाणे गेली. ऑर्डर चारशे सतराची. कॉम्प्युटरने कप्पा दाखवला धाकटीचा. कॅमेऱ्याने वाचलं चारशे सतरा, खूश होऊन आत घेतलं. मोठ्या पंपांत लहान रिंगा बसल्या. तपासणीला पाणी सोडलं तेव्हा एकूण एक पंप गळला. अर्धा दिवस त्यांचं काम बंद.

दुसरी गाडी निघाली तेव्हा वहिनी कामावर परतल्या होत्या. त्यांनी कोणाला न सांगता पेट्यांमधली धाकटी काढून थोरली भरली. माप बरोबर झालं, पण कॅमेऱ्याने पट्टीवर वाचलं सतरा आणि रबरावर अठरा. गाडी दारातूनच परत आली. त्या दिवशी वहिनींनी पलीकडच्यांना फोन लावला. हा क्रमांक वापरात नाही, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. त्यांनी तरी आणखी चार वेळा लावून पाहिला.

तिसरी गाडी चुकली की नाव यादीतून आपोआप जाणार होतं. आपोआप हा शब्द सुनेने समजावून सांगितला होता. कोणी रागावणार नव्हतं, कोणी ओरडणार नव्हतं, कोणाच्या पाया पडायची सोय नव्हती. ऑर्डरी यायच्या बंद होणार, बस. तेवीस माणसांच्या चुली त्या एका यादीवर होत्या.

धाकटी पाठवली तर पंप गळणार. थोरली पाठवली तर दारातून परत. म्हणून दादांनी तोडगा काढला होता: थोरलीच पाठवायची, पण नंबर खरवडून. तोडगा ऐकून सगळ्यांनी मान हलवली होती, आणि त्यावर कोणाचा विश्वास नव्हता हे कोणी म्हटलं नव्हतं.

सून हातात एक खरवडलेली रिंग घेऊन टेबलापाशी आली.

“काकू, मला एक सांगा. आपण हे का करतोय?”

ब्लेडांचा आवाज जरासा मंदावला.

“नंबर नीट उमटला नाही म्हणून,” प्रेसवाला खाली बघत म्हणाला.

“उमटला नाही? मी स्वतः भिंगाने वाचलाय. इतका स्वच्छ उमटलाय की खरवडून निघत नाहीये.” तिने रिंग उजेडात धरली. खरवडलेल्या जागी चारशे अठराची सावली अजून दिसत होती. “आणि यावर शाईने सतरा का? हिचा नंबर अठरा आहे ना?”

प्रेसवालीला अचानक खोकला आला. पॅकिंगवालीने शिक्क्याच्या शाईत थोडं पाणी घातलं, जे मुळीच घालायला नको होतं.

“दादांना विचार,” वहिनी म्हणाल्या.

“बाबांना विचारलं. ते म्हणाले, काकूंना विचार.”

वहिनींनी वर बघितलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दोन्ही गाड्या आपल्या तक्त्यामुळे चुकल्या असं तिने धरून घेतलं होतं. आठ दिवस तो तक्ता ती पुन्हा पुन्हा तपासत होती आणि त्यात तिला चूक सापडत नव्हती. सापडणार कुठून? नसलेली चूक शोधण्याइतकं जीवघेणं काम दुसरं नाही. खाण्यावरचं मन उडालं होतं तिचं. काल तिच्या नवऱ्याने, दादांच्या मुलाने, वहिनींना हळूच विचारलं होतं, “काकू, ही घरचंच काम सोडून द्यायच्या गोष्टी का करते हो?”

“तुझा तक्ता बरोबर आहे,” वहिनी म्हणाल्या.

“मग?”

त्यांनी रिंग खाली ठेवली, हात पदराला पुसले. पदरावर काळे डाग पडले.

“चार वाजता बघू,” त्या म्हणाल्या.

सून तिथेच दोन क्षण थांबली. मग म्हणाली, “तुम्ही सगळे एकाच वेळी खाली बघता, हे तुम्हाला माहीत आहे का?” आणि गेली.

“हुशार आहे,” पॅकिंगवाली म्हणाली.

“हुशार आहे म्हणूनच पंचाईत,” प्रेसवाली म्हणाली. मग तिने वहिनींकडे न बघता, खरवडता खरवडताच म्हटलं, “वहिनी, एक बोलू का?”

“नको,” वहिनी म्हणाल्या.

“बरं.”

साडेतीनला दोन हजारांचा आकडा झाला. वहिनी उठल्या आणि दादांच्या केबिनमध्ये गेल्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, वरचं बटण लावलेलं, जणू पडद्यातून कोणी गळा धरणार होतं. बहात्तर वर्षांचा माणूस, पण आज ऐंशीचा दिसत होता.

“किती झाल्या?” त्यांनी विचारलं.

“दोन हजार. त्यातल्या पाचशे बऱ्या म्हणता येतील.”

“पाच माणसं जास्त लावू.”

“दादा, जास्तीची माणसं कुठली? प्रेससकट सगळे खरवडायलाच बसलेत.” त्या समोरच्या खुर्चीत टेकल्या. “कॅमेऱ्याला उठावाचा आकडा लागतो. शाईचा चालत नाही. सूनबाईने नियम वाचून दाखवला मला.”

“मलाही दाखवला.”

“मग?”

दादांनी टेबलावरचा पेन उचलला, टोपण काढलं, परत लावलं. “तीन आठवडे मिळाले तर नवे साचे होतील. गुपचूप बदलून टाकू. कोणाला काही सांगायला नको. तीन आठवडे काढायचे आहेत फक्त. ते त्यांना काय सांगून काढायचे, एवढंच बघतोय मी.”

“आणि पोरीला काय सांगायचं? ती स्वतःला खाते आहे.”

“तिला मी समजावेन.”

“काय समजावाल?”

दादा चिडले. चिडले की ते आवाज खाली आणत. “हे बघ, तो गेला. गेलेल्या माणसाच्या हातावर मी बोट ठेवू देणार नाही कोणाला. त्याच्यासारखा साचा या धंद्यात कोणी कोरत नव्हतं. चार परगण्यांतून लोक यायचे. आणि त्या वेळी तो कुठल्या अवस्थेत होता ते तुला सांगायला हवं का मी?”

ते सांगायला नको होतं. साचे कोरले त्या आठवड्यात वहिनी दवाखान्यात होत्या. मिस्त्री दिवसा साचा कोरायचे, मधेच हात धुऊन दवाखान्यात धावायचे, परत येऊन पुन्हा छिन्नी हातात घ्यायचे. वहिनी घरी आल्या त्या रिकाम्या हातांनी. त्यानंतर पुन्हा कधी मूल झालं नाही. दवाखान्याचा विषय आणि आकड्यांचा विषय त्या दिवसापासून एकाच गाठोड्यात बांधला गेला, आणि घरात तो कोणी सोडत नसे. मिस्त्रीही सोडत नसत. फक्त कधीतरी थोरलीची रिंग हातात आली की ते कडेवरून अंगठा फिरवत आणि ती पालथी करून ठेवत.

“दादा,” वहिनी म्हणाल्या, “प्रत्येक गाडीबरोबर दाखला जातो. माल नकाशाप्रमाणे आहे, नंबर आणि माप तपासलं. त्याखाली सही माझी असते. एकोणीस वर्षं.”

“म्हणून तर म्हणतो, बोलायचं नाही. ते तुलाच धरतील.”

एवढ्यात सून लॅपटॉप घेऊन आत आली, आणि दोघांनीही एकाच वेळी खाली बघितलं.

चार वाजले. पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकीत खरेदीखात्याच्या बाई होत्या, चाळिशीच्या, आवाजात धार पण उर्मटपणा नाही. दुसरीत तपासणीखात्याचे साहेब, मागे पंपांची रांग. तिसऱ्या चौकटीत एक म्हातारे गृहस्थ कॅमेऱ्याच्या फार जवळ बसले होते, त्यामुळे त्यांचं कपाळच जास्त दिसत होतं. दादा आणि सून पडद्यासमोर बसले. वहिनी जरा बाजूला, पडद्यावर दिसणार नाहीत अशा, मांडीवर रिंगांची एक पेटी घेऊन.

“आवाज येतोय का सगळ्यांना?” बाईंनी विचारलं.

“हॅलो, हॅलो. येतोय,” म्हातारे गृहस्थ म्हणाले.

वहिनींच्या मांडीवरची पेटी घसरली. पलीकडचे! त्यांनी मनात केव्हाच एक उंच, भरदार, मिशीवाला माणूस करून ठेवला होता. हा तर वाळक्या शेंगेसारखा लहानखुरा, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. एकोणीस वर्षं या एवढ्याशा माणसाने आपली थोरली सांभाळली.

बाईंनी वेळ न घालवता सुरुवात केली. पहिल्या गाडीत नंबर बरोबर, माप चूक. दुसऱ्या गाडीत माप बरोबर, नंबर चूक. “मला एवढंच कळून घ्यायचं आहे,” त्या म्हणाल्या, “की हे होतं कसं? उद्याची तिसरी गाडी चुकली तर मी काही करू शकणार नाही. ते माझ्याही हातात नाही. आज काही करता आलं तर येईल.”

“आमच्या कॉम्प्युटरची जोडणी नवीन आहे मॅडम,” दादा म्हणाले. “थोडा गोंधळ होतोय.”

सुनेची पाठ ताठ झाली. “तक्ता मी भरलाय,” ती हळूच म्हणाली. “चूक असेल तर माझी असेल.”

“तुमचा तक्ता मी पाहिला,” तपासणीसाहेब म्हणाले. “त्यात आणि रबरात काही फरक नाही. फरक रबरात आणि नकाशात आहे. आणि तो आजचा नाही. आम्ही बाहेरचे जुने पंप मागवून उघडले. बारा-बारा वर्षांपूर्वीचे. त्यांतही मोठ्या रिंगेवर चारशे अठराच आहे.”

दादांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

“याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?” साहेब पुढे म्हणाले. “पंप दुरुस्त करणारा माणूस जुनी रिंग काढतो, तिच्यावरचा नंबर बघतो आणि तसली नवी मागवतो. आमच्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याला नकाशातली चारशे अठरा मिळते, म्हणजे लहान. पंप गळतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं तक्रारी आहेत, दुरुस्तीनंतर पंप गळतो म्हणून. आम्ही दर वेळी दुरुस्ती करणाऱ्यालाच बोल लावला. दोघांचं काम काढून घेतलं.”

हे वहिनींनी कधी धरलंच नव्हतं. दोन माणसं फोनवर खरं बोलत होती एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिसरा कोणी, कुठेतरी, मोरीवर वाकून, हातात काळी रिंग घेऊन आकडा वाचत असेल आणि त्यावर विश्वास ठेवत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“आणि माल आत घेताना हे दिसलं कसं नाही,” बाई म्हणाल्या, “म्हणून मी आमच्या स्टोअरच्या जुन्या माणसांना बसवलं आहे. त्यांना निवृत्तीला चार महिने राहिलेत. बोला तुम्ही.”

तिसऱ्या चौकटीतलं कपाळ मागे गेलं. पलीकडच्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

“माझ्याकडून झालं ते,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“सुरुवातीला नंबर त्यांनी फोनवर विचारले होते. मी सांगताना उलटसुलट सांगितले. त्यांनी मी सांगितलं तसं कोरलं. नंतर माझ्या लक्षात आलं, पण मी बोललो नाही. नोकरीची भीती वाटली. मीच कप्पे बदलून भागवत राहिलो.”

हे सगळं ते सरळ कॅमेऱ्यात बघून, एका दमात, पाठ केल्यासारखं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलणारा माणूस जसा बोलेल तसं.

“पण नकाशा लेखी जातो,” साहेब म्हणाले.

“नकाशा उशिरा पोचला होता. त्यांचा दोष नाही. चांगली माणसं आहेत.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. “हे तुम्ही शुद्धीवर बोलताय ना? याचे परिणाम तुमच्या निवृत्तीवर होतील.”

“हो.”

“असं असेल तर पुरवठादाराकडे चूक राहत नाही,” बाई म्हणाल्या. “मग मी त्या दोन गाड्यांचे शेरे काढून घेऊ शकते, आणि नवे साचे करायला मुदतही देऊ शकते.” त्या दादांकडे वळल्या. “हे असंच घडलं का? तुमच्याकडून दुजोरा हवा.”

वहिनींना दादांचा एका बाजूचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, आणि मग हळूहळू रंग परत आला. तीन आठवडे. तेवीस माणसं. भावाचं नाव जागच्या जागी. कोणी सोन्याच्या ताटात वाढून समोर ठेवलं होतं आणि फक्त मान हलवायची होती. दादा वाईट नव्हते. वाईट माणसाला एवढा वेळ लागला नसता.

“असं...” दादा म्हणाले. “असंच असेल मॅडम. फार जुनी गोष्ट आहे.”

सुनेने झटकन मान वळवून सासऱ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. ती काही विचारत नव्हती आता. तिला सगळं समजलं नव्हतं, पण कोणीतरी तिच्यासमोर बुडवला जातोय एवढं समजलं होतं.

तिसऱ्या चौकटीतले गृहस्थ थोडे पुढे झुकले. या खोलीत पडद्याबाहेर आणखी कोणीतरी बसलंय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. “वहिनी असतील तर त्यांना नमस्कार सांगा,” ते म्हणाले. “म्हणावं, काळजी करू नका. गुडघे बरे आहेत.”

वहिनींनी पेटी खाली ठेवली. बसल्या बसल्याच खुर्ची ओढत त्या पडद्यासमोर आल्या. लोखंडी पाय फरशीवर कर्कश वाजले. दादांनी त्यांचा दंड धरला.

“अगं, झालंय ना आता सगळं,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. “बस.”

“सोडा, दादा.”

पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. गालावर काळ्या रबराची रेघ. ती पुसावी असं त्यांच्या मनात आलं आणि हात वर गेला नाही.

“आपण कोण?” बाईंनी विचारलं.

“दाखल्यांवर सही असते ती माझी,” वहिनी म्हणाल्या. “बाई, ते खोटं बोलतायत. चांगला माणूस आहे, म्हणून खोटं बोलतोय. फोनवर कोणी कोणाला नंबर विचारले नव्हते. नकाशा वेळेवर आला होता, आमच्या भिंतीवर लावलेला होता. साचे आमच्या ह्यांनी कोरले आणि आकडे ह्यांनीच चुकवले. चूक आमच्या ह्यांची आहे.”

दादांनी डोळे मिटून घेतले होते.

“त्या आठवड्यात आमचं मूल गेलं होतं,” वहिनी म्हणाल्या, “म्हणून त्यांना कोणी काही बोललं नाही. मीही नाही.”